मैत्रिणीला आत घेताना

(जालना जिल्ह्यात गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

मला आज मोबाइलवर बोलायला सांगितले आहे. सकाळपासून आपण रोजगार हमीची कामे, रेशन आणि पोटगीची प्रकरणे यांवर बोललो. त्यानंतर हा विषय तुमच्यापैकी काहींना हलका वाटेल. "ते पोरांचं काम, आपल्याला काय त्यातलं कळतंय," असे चहाच्या वेळी एकीने म्हटलेही. म्हणून मी सुरुवात मोबाइलपासून करत नाही. एका लग्नापासून करते.

मुलगी नववीत होती. गाव आणि तालुका मी सांगणार नाही, कारण ती आजही इथेच जवळपास नांदते आहे. रविवारी तिचे लग्न लावणार आहेत, हे तिच्या वर्गातल्या मैत्रिणीने आपल्या एका कार्यकर्तीला येऊन सांगितले. कार्यकर्तीने लगेच आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले की अमुक गावात, अमक्यांच्या घरी बालविवाह आहे, मुलीच्या वर्गमैत्रिणीने सांगितले आहे, शनिवारी सकाळी ग्रामसेवकाला घेऊन जाऊ. शनिवारी सकाळी आम्ही गेलो, तर घराला कुलूप. लग्न शुक्रवारी रात्रीच दुसऱ्या गावात लागले होते. आणि जिने निरोप दिला होता, त्या मुलीची शाळा पुढच्या आठवड्यात बंद झाली.

त्या वेळी आपल्या गटात पावणेदोनशे नंबर होते. सगळ्या आपल्याच बायका आहेत असे आम्ही धरून चाललो होतो. नंतर बसून एकेक नंबर तपासला, तेव्हा त्यातला एक मुलीच्या चुलत्याचा निघाला. तो काही चोरी करून आत आला नव्हता. मेळाव्याच्या आधी जास्त बायका याव्यात म्हणून आम्हीच गटात येण्याची लिंक जिकडेतिकडे पाठवली होती. ती फिरत फिरत त्याच्याकडे गेली. त्याने बोट लावले आणि आत आला. दार आम्हीच उघडे ठेवले होते.

दोष कोणा एकीचा नव्हता, आपल्या सगळ्यांचा होता. तो कबूल करून पुढचे बोलते.

त्यानंतर आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. शहरातल्या एका ओळखीच्या मुलाने सांगितलेले एक फार सुरक्षित अ‍ॅप घ्यायचे ठरले. पहिल्या बैठकीला चौदा जणी होत्या. कोणाच्या फोनमध्ये जागा नव्हती. कोणाचा फोन मुलाच्या नावावर होता. पासवर्ड लांबलचक आणि इंग्रजीत. दोन आठवड्यांनी त्यातल्या तिघी तेवढ्या नव्या जागी उरल्या होत्या, आणि बाकीच्या अकरा जणी परत त्याच जुन्या गटात. तिथे त्या पुन्हा सगळे लिहू लागल्या होत्या.

या दोन अनुभवांतून मला जे समजले, तेच मला आज सांगायचे आहे. आत येण्याची वाट सताड उघडी असली तर चुलता आत येतो. ती फार अवघड असली तर मैत्रीण बाहेर राहते, आणि बाहेर राहिलेली मैत्रीण चावडीवर बोलते. म्हणून मैत्रिणीला आत घेणे सोपे असणे, हाच सुरक्षिततेचा एक भाग आहे. सोपे आणि सुरक्षित एकत्र कसे करायचे, याचे उत्तर यंत्रवाल्यांनी शोधले आहे. ते पाहिले तेव्हा मला हसू आले, कारण आपल्या बायकांना ते फार पूर्वीपासून ठाऊक होते.

आधी एक प्रश्न निकालात काढू या. कार्यकर्त्यांना लपवाछपवी कशाला, आपले काम उघड आहे, असे काही जण म्हणतात. खरे आहे, आपले पुष्कळ काम उघडच असते. मथुरा बलात्कार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, तेव्हा १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्यातून देशभर बायका उभ्या राहिल्या. पण त्याच काळात मारहाणीतून निघालेली बाई कोणाकडे राहते आहे, हे आपण कधी पत्रकात छापले नाही. चळवळीला उघडे पत्र लागते तसे बंद पाकीटही लागते. मागणी उघडी असते, मागणी करणाऱ्या बाईचा पत्ता बंद असतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो जसा शहरातल्या शिकलेल्या माणसाचा आहे, तसाच घनसावंगीच्या ऊसतोड कामगार बाईचाही आहे.

आता थेट जाळे म्हणजे काय ते पाहू. आपण नेहमी वापरतो त्या अ‍ॅपमध्ये माझा निरोप आधी कंपनीच्या यंत्राकडे जातो आणि तिथून तुमच्याकडे येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून निरोप कुलूपबंद असतो, म्हणजे मधल्या मधे कंपनीला तो वाचता येत नाही. पण कोण कोणाशी आणि कधी बोलले, हे कंपनीला कळू शकते. टपाल कचेरीत पाकीट फोडत नाहीत, पण पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव तर दिसतेच. तसेच हे.

थेट जाळ्यात मधली कचेरी नसते. माझ्या फोनवरून निरोप सरळ तुमच्या फोनवर जातो. दळणाच्या रांगेत शेजारणीच्या कानात सांगावे, तसा. २०१८ पासून ब्रायर नावाचे असे एक अ‍ॅप आहे. ते फुकट आहे आणि त्याची बांधणी कोणालाही तपासता येते. इंटरनेट असेल तर ते टॉर नावाच्या आडवाटेने निरोप नेते, त्यामुळे कोण कोणाशी बोलले हे बाहेरच्याला सहज कळत नाही. इंटरनेट नसेल तर जवळच्या जवळ ब्लूटूथवर किंवा एकाच वायफायवर निरोप पोचतो.

इंटरनेट बंद म्हणजे काय, हे जालन्याच्या बायकांना समजावून सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये अंतरवाली सराटीला लाठीमार झाला आणि पुढे आंदोलन वाढले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि पुन्हा २६ फेब्रुवारी २०२४ ला आपल्या जिल्ह्यात काही तास इंटरनेट बंद ठेवले गेले. आंदोलनाविषयी तुमची मते वेगवेगळी असतील, तो आजचा विषय नाही. पण घरात मार खाणाऱ्या बाईचा मार इंटरनेट बंद आहे म्हणून थांबत नाही, आणि त्या तासांत आपला गट मुका होता. सगळा भार एकाच कचेरीवर टाकला की असे होते.

आता कुलपाची गोष्ट. ही नीट ऐका, कारण पुढचे सगळे हिच्यावर उभे आहे.

समजा मला तुमच्याकडून बंद पेटीत निरोप हवा आहे. मी तुम्हाला माझे एक उघडे कुलूप पाठवते. किल्ली माझ्याजवळच ठेवते. तुम्ही निरोप पेटीत ठेवून ते कुलूप दाबता. आता पेटी फक्त माझ्या किल्लीने उघडेल. वाटेत कोणाच्याही हातात गेली तरी हरकत नाही. फोनमधली सगळी गुप्तता साधारण याच रीतीने चालते.

मग यात खोट कुठे आहे? कुलूप पोचवणारा निरोप्या लबाड असला तर. तो माझे कुलूप खिशात घालतो आणि तुम्हाला स्वतःचे देतो. तुम्ही विश्वासाने तेच लावता. तो वाटेत पेटी उघडतो, निरोप वाचतो, मग माझे कुलूप लावून माझ्याकडे आणून देतो. तुम्हाला वाटते पेटी बंद होती, मलाही तसेच वाटते. कुलूप मजबूत होते, पण ते कोणाचे आहे हे आपण पाहिले नव्हते.

म्हणून सगळा प्रश्न शेवटी एका जागी येतो. पहिल्यांदा कुलूप कोणाच्या हातून मिळाले? म्हणजेच मैत्रिणीला जाळ्यात कोणी आणि कसे आणले?

याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत उघड्या लिंकची. लिंक पाठवली, जिने बोट लावले ती आत. सगळ्यात सोपी आणि आपल्याला भोवलेली हीच. लिंकला माणूस ओळखता येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये तर असे उघडकीला आले की व्हॉट्सअ‍ॅपच्या अनेक गटांच्या लिंका गुगलवर शोधल्या तरी सापडत होत्या. मेळाव्याची वेळ कळवायला, योजनेची माहिती द्यायला ही रीत चांगली आहे. तिथे कोणीही यावे हेच आपल्याला हवे असते. पण जिथे एखाद्या बाईचे नाव येणार आहे, तिथे ती नको.

दुसरी रीत समोरासमोरची. ब्रायरमध्ये दोघी एकमेकींसमोर बसतात. माझ्या फोनवर ठिपक्यांचा एक चौकोन येतो, तो तुम्ही तुमच्या फोनने टिपता. तुमचा मी टिपते. आपण जे उघडे कुलूप म्हणालो, ते असे हातोहात बदलले जाते. मधे निरोप्याच नाही, मग लबाडी कोण करणार? लिहावे लागत नाही, इंग्रजी यावे लागत नाही. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा हे करू शकते. सगळ्यात पक्की रीत हीच आहे. तिची अडचण एवढीच की भेटावे लागते. जाफराबादची बाई आणि परतूरची बाई, दोघींनी भेटायचे कधी? एसटीचे भाडे, दिवसाची मजुरी, घरात विचारणे, सगळे आले.

तिसरी रीत ओळख करून देण्याची. समजा जाफराबादची सखी मला समोरासमोर भेटली आहे, आणि परतूरचीही. त्या दोघी एकमेकींना ओळखत नाहीत, पण मी दोघींना ओळखते. ब्रायरमध्ये मी त्या दोघींची ओळख करून देऊ शकते. मी सुचवते, मग दोघींना वेगवेगळे विचारले जाते की ही ओळख हवी का. दोघींनी हो म्हटले तरच त्या जोडल्या जातात. एकीने नाही म्हटले तर नाही. प्रवास नाही, लांबलचक पासवर्ड एकमेकींना कळवणे नाही, आणि लिंक कुठे फिरत नाही. शिवाय समोर भेटून जोडलेली कोण आणि ओळखीतून जोडलेली कोण, हे पुढे वेगवेगळ्या खुणेने दिसत राहते. म्हणजे आपला विश्वास कशावर उभा आहे, हे आपण विसरत नाही.

मघाशी मला हसू आले म्हणाले, ते यामुळे. नव्या बाईला बचत गटात घेताना आपण काय करतो? तिला कोणीतरी घेऊन येते. "ही माझ्या नणंदेच्या गावची, मी हिला ओळखते," असे सांगते. पुढे काही बिनसले तर आपण घेऊन येणारीलाच विचारतो. सोयरीक, उसनवारी, बाळंतपणाची सुईण, सगळे आपल्याकडे ओळखीनेच चालत आले. तीच रीत आता यंत्रात आली आहे.

आपल्या जिल्ह्याला ही रीत परकी नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके त्या राजवटीविरुद्ध मुक्तिसंग्रामात उतरल्या, हे तुम्ही ऐकले आहे. अशा लढ्यात ओळखीचा हातच कामी येतो. हात चुकला की काय होते, याचे उदाहरण मुंबईचे आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ते जागा सतत बदलत असत. नोव्हेंबरमध्ये रेडिओ पकडला गेला. त्यांच्यासाठी यंत्र तयार करणाऱ्या तंत्रज्ञाला पोलिसांनी धरले आणि त्यानेच जागा दाखवली. उषाबेन १९४६ पर्यंत तुरुंगात होत्या. जागा कितीही बदलल्या, तरी ती जागा माहीत असलेला माणूस पोलिसांच्या हाती लागला की काम संपले. म्हणून प्रत्येकाला सगळे माहीत असण्याची गरज नसते, हाही त्यातला धडा आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग आजच सगळ्यांनी ब्रायर घ्यायचे का? इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा अ‍ॅप बंद केल्याच्या बातम्या आल्या. काश्मीरमधल्या अतिरेक्यांनी ती वापरल्याचे कारण दिले होते, आणि त्या चौदांत ब्रायरचे नाव होते. त्यामुळे मी तुम्हाला ते घ्या म्हणून सांगायला आलेली नाही. आपल्या कामात बाईला वकिलाशिवाय पोलिसांसमोर उभे करत नाही, तसेच कायद्याचा सल्ला घेतल्याशिवाय मी तुम्हाला कुठल्या अ‍ॅपच्या दारात उभे करणार नाही. शिवाय त्याच्या स्वतःच्याही अडचणी आहेत. दोघींचे फोन एकाच वेळी चालू असावे लागतात, नाहीतर निरोप थांबून राहतो. बॅटरी जास्त लागते. पासवर्ड विसरला तर परत मिळत नाही, सगळे जाते.

अ‍ॅप आज आहे, उद्या नाही. ओळख करून देण्याची रीत मात्र आपल्याच हातात आहे, आणि ती आज तुमच्या फोनमध्ये जे आहे त्यावरही चालते. मग करायचे काय?

एक. आपले दोन गट हवेत. एक मोठा, उघडा, सूचनांचा. त्यात कोणाही बाईचे नाव, गाव, फोटो टाकायचा नाही. दुसरा छोटा, सात-आठ जणींचा, प्रकरणे हाताळणाऱ्यांचा. त्याची लिंक काढायचीच नाही. आधी काढलेली असेल तर रद्द करायची. तशी सोय आहे. आणि आपल्याला गटात कोणी ओढू शकेल हे 'माझे संपर्क' एवढ्यापुरते ठेवायचे.

दोन. छोट्या गटात नवी मैत्रीण घ्यायची तर तिला समोर भेटलेली एक जण हवी. तिने गटाला विचारायचे, आणि त्या मैत्रिणीलाही विचारायचे. दोन्हीकडून हो आले तरच. "चांगली आहे, घ्या" एवढे पुरे नाही. कधी भेटलीस, फोन तिचा स्वतःचा आहे का, आणखी कोण उघडतो, हे सांगायचे. ओळख करून देणारी त्या ओळखीला बांधील राहील.

तीन. भेटाल तेव्हा कुलूप तपासा. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि सिग्नलवर प्रत्येक दोघींच्या संभाषणाचा साठ आकड्यांचा एक ठसा असतो. मैत्रिणीच्या नावावर जाऊन तो उघडता येतो. दोघींच्या फोनवर तोच आकडा आला, की मधे लबाड निरोप्या नाही. साठ आकडे वाचायचा कंटाळा आला तर तिथेच चौकोनही असतो, तो टिपा. तिने फोन बदलला की हा आकडा बदलतो. तशी सूचना आली तर घाबरू नका, पण पुढे लिहूही नका. आधी तिला फोन लावा, आवाज ऐका, आणि तुम्हा दोघींनाच माहीत असलेले काहीतरी विचारा.

चार. चौकोन टिपताना एक धोका लक्षात ठेवा. मैत्रिणीचा ठसा तपासायचा चौकोन वेगळा, आणि तुमचे व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्राला जोडायचा चौकोन वेगळा. दिसायला दोन्ही सारखेच. दुसऱ्या प्रकारात तुमचे निरोप दुसऱ्याच्या यंत्रावर दिसू लागतात. नवऱ्याने किंवा दिराने दोन मिनिटे फोन हातात घेऊन असे केल्याची प्रकरणे आपल्याकडे आली आहेत. सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' म्हणून जागा आहे. तिथे अनोळखी यंत्र दिसले तर काढून टाका. पण घरात हिंसा असेल तर काढण्याआधी विचार करा. त्याला लगेच कळेल, आणि त्या रात्री ती बाई कुठे असेल, हे आधी ठरवा.

पाच. नंबर जपा. सिग्नलमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून नंबर न दाखवता टोपणनावाने जोडता येते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात मात्र सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याच्या बातम्या २०१७ मध्ये आल्या होत्या. बाईच्या नंबराला बाजारात किंमत आहे, हे लक्षात असू द्या.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. कुलूप, ठसा, ओळख, सगळे बरोबर केले, आणि फोनच बाईचा नसला तर?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे ५५ बायकांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका शंभरात ३८ होत्या. खेड्यात त्याहून कमी. म्हणजे जिला आपली सगळ्यात जास्त गरज आहे, ती बहुतेक वेळा फोनच्या जाळ्याबाहेरच आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण फक्त फोनवाल्यांचे जाळे बांधले, तर ती आणखी बाहेर जाईल.

म्हणून माझे म्हणणे असे की जाळ्याची गाठ म्हणजे फोन नव्हे, बाई. जिच्याकडे फोन नाही, तिच्यासाठी जवळची एक मैत्रीण ठरवा. निरोप त्या मैत्रिणीपर्यंत फोनवर येईल आणि तिथून पुढे पाण्याच्या हंड्याबरोबर जाईल. जिचा फोन मुलाकडे असतो, तिच्या फोनवर फक्त "उद्या मीटिंग आहे" एवढेच जाईल. तिला ते अपमानाचे वाटू नये, म्हणून का ते तिला आधी सांगा. आणि एखादीचा फोन घरच्यांनी हिसकावला, तर तिला त्याच तासाला छोट्या गटातून काढा. काढणे म्हणजे वाळीत टाकणे नाही. ती सुटली की समोरासमोर भेटून तिला पुन्हा घ्या. हे आपण सगळ्यांनी आधीच ठरवून ठेवले, तर तिला कधी वाटणार नाही की मैत्रिणींनी साथ सोडली.

आणखी एक. फोनमध्येच कोणी शिरले तर कुठलेच कुलूप कामाचे नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सांगितले की पेगॅसस नावाच्या हेर-साधनाने जगभरातले सुमारे १,४०० फोन लक्ष्य झाले. त्यात भारतातले कार्यकर्ते आणि वकील होते. आपण काही एवढ्या मोठ्या नाही, असे म्हणून सोडून देऊ नका, आणि भीतीने हातपायही गाळू नका. आपल्यावर पाळत बहुतेक वेळा घरातून आणि गावातूनच असते. तिला पुरून उरण्याइतके आपल्याला येऊ शकते. त्याहून मोठ्या पाळतीला एकच साधा उपाय आहे. जे लिहिण्याची गरज नाही ते लिहू नका. भेटा आणि बोला.

त्या नववीतल्या मुलीकडे परत येते. या रीतीने आपण वागलो असतो, तर तिचे लग्न नक्की थांबले असते असे मी म्हणणार नाही. वाटेत आणखी पुष्कळ गोष्टी अडतात. पण निरोप सात जणींतच राहिला असता. गटावर तिच्या मैत्रिणीचा उल्लेख आला नसता. निदान त्या दुसऱ्या मुलीची शाळा सुटली नसती. विश्वास ठेवून आलेल्या मुलीला आपण एवढे तरी देणे लागतो.

आता भाषण पुरे. जेवणाला अजून अर्धा तास आहे. दोघी-दोघी समोरासमोर बसा. आज पहिल्यांदा भेटलेल्या बाईबरोबर नको, जिला आधीपासून ओळखता तिच्याबरोबर. साठ आकड्यांचा ठसा उघडा आणि मोठ्याने वाचा. जिच्याकडे फोन नाही, तिने शेजारी बसून आकडे जुळतात का ते ऐकायचे. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत, त्यांनी चौकोन टिपायचा. आणि ज्या जोड्यांचे जुळेल, त्यातल्या एकीने उठून दुसऱ्या जोडीकडे जायचे आणि म्हणायचे, "ही माझी मैत्रीण. मी हिला ओळखते. तुमची हिच्याशी ओळख करून देऊ का?"

समोरची हो म्हणाली, तरच पुढे.